तू पुढं हो

१८ जानेवारी २००४

पतपेढीने फुकट दिलेली ही डायरी कोरीच पडली होती. दिवसभर अंगणवाडीची रजिस्टरं भरल्यावर आणखी लिहायची हौस कोणाला असते? पण आज डोकं असं तापलंय की लिहिलं नाही तर कोणावर तरी ओरडेन, आणि या घरात ओरडून काही होत नाही.

किन्हवलीच्या शाळेत बायकांच्या तपासणीचं शिबिर होतं. मुंबईहून डॉक्टरणी आल्या होत्या, छातीत गाठबिठ आहे का ते हाताने तपासून सांगणार होत्या. बायका जमवायचं काम अर्थातच अंगणवाडीच्या बाईचं, म्हणजे माझं. घरोघर फिरले. निम्म्या म्हणाल्या, "आमाला काय धाड भरलीय?" बाकीच्या म्हणाल्या, "बघायला बाप्ये हायत काय?" शेवटी एक जीप कशीबशी भरली, आणि तिच्यात कोणी न बोलावता आमच्या जाऊबाई येऊन बसल्या.

सकुबाई, माझ्या मोठ्या जाऊ. आमचं अंगण एक, चुली दोन आणि सख्य विळ्याभोपळ्याचं. या घरात पहिलं ते सगळं त्यांचं. आवणीला, भाताची रोपं लावताना, शेतात पहिली मूठ त्या लावणार, नव्या भाताचा पहिला घास त्या वाढणार, कोणाच्या लग्नाच्या हळदीला पहिलं बोट त्यांचं. मोठीचा मान म्हणे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या मागून चिखल तुडवतेय.

तर शाळेत रांग लागली. जाऊबाई माझ्या पुढे होत्या. आमचा नंबर आला तशा त्या बाजूला झाल्या आणि मला म्हणाल्या, "तू पुढं हो गो."

मी बघतच राहिले. सूर्य आज कुठून उगवला? खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. ऐटीत आत गेले.

आत दोन बाकांवर चादरी टाकून आडोसा केलेला आणि समोर भिंतीवर पाढे. पाढ्यांसमोर चोळी काढून उभी राहायची माझी पहिलीच वेळ. डॉक्टरणीचे हात बर्फासारखे गार. उजवीकडे झालं, डावीकडे आली, आणि एका जागी थांबली. पुढे गेली, परत तिथेच आली. मग म्हणाली, "ताई, इथे गाठ लागतेय. घाबरू नका. बहुतेक गाठी साध्या असतात. पण मॅमोग्राफी करून घ्या."

म्हणजे काय ते विचारलं. एक्स-रेसारखं असतं म्हणाली, कल्याणला होईल.

बाहेर आले तर माझं तोंड बघून रांगच मागे सरकली. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माझा पाय दुखतोय. मी जीपमंदी बसते." तपासून न घेताच गेल्या. म्हणजे मला पुढे ढकललं आणि स्वतः पळाल्या! पुढचा सगळा दिवस मी याच रागावर काढला. गाठीचा विचार करायला आत्ता वेळ मिळाला.

२० जानेवारी

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "काय नसनार."

"काय नसनार कशावरून?"

"नसनार."

कंपनीत मशीन बंद पडलं तरी असंच म्हणतात की काय कोण जाणे.

गावाला कोणी सांगितलं देव जाणे. पोरांना खिचडी वाटत होते तर एक म्हातारी आली, म्हणाली तिच्या मावशीला अशीच गाठ होती. पुढे काय झालं विचारलं तर म्हणाली, "जाऊ दे आता." मग आलीस कशाला बाई?

२३ जानेवारी

मोरीच्या दाराला कडी लावून द्या म्हणून मी चार वर्षं ह्यांच्या मागे लागले होते. आज कंपनीला सुट्टी, तर सकाळी उठून कडी लावली, दार घासून नीट बसवलं, आतून खुंटीसुद्धा ठोकली. मी म्हटलं, आत्ताच कशी आठवण झाली? तर म्हणाले, "टाइम मिळाला." कडी लावताना हातोडी बोटावर मारून घेतली. लक्ष कुठे असतं या माणसाचं!

आणि दुष्काळात तेरावा महिना, जाऊबाईंनी आजपासून आमच्या मोरीत आंघोळ सुरू केली. त्यांच्या मोरीला नुसता पडदा आहे. जन्मभर पडद्यामागे आंघोळ केली, आता कडी लागते. तासभर आत. लेकीला, पूजाला, कॉलेजला उशीर, तिची शहापूरची एसटी चुकली.

२ फेब्रुवारी

कल्याणला जाऊन आले. ह्यांना रजा मिळाली नाही. आसनगाव स्टेशनपर्यंत आले, तिकीट काढून हातात दिलं, "काय नसनार" म्हणाले आणि गाडी हलेपर्यंत तिथेच खांबासारखे उभे. कामावर उशीर झाला म्हणे, मग उभं राहायला कोणी सांगितलं होतं?

सोबत जाऊबाई. मी बोलावलं नव्हतं. नवं लुगडं नेसून दारात हजर. "एकटी कशी जाशील?" मला वाटलं, तमाशा बघायला निघाल्या.

त्या मशीनबद्दल काय लिहू? दोन पाट्या असतात, एक खाली, एक वर. तिथली पोरगी पूजाएवढी. तिने माझी छाती खालच्या पाटीवर अशी ओढून ठेवली की भाकरीचं पीठ बरं, त्याला थोडा तरी मान असतो. मग वरची पाटी खाली आली, आणि येतच राहिली. मी म्हटलं, "अगं बाई, पुरे." ती म्हणाली, "ताई, रिलॅक्स. श्वास रोखा." श्वास उरला होता कुठे? एकदा सरळ, एकदा तिरकं, मग दुसरी बाजू. डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हणून कमी, त्या पोरीने ओढताना एकदाही माझ्या तोंडाकडे बघितलं नाही म्हणून जास्त.

बाहेर येऊन बसते न बसते तोच जाऊबाईंचे प्रश्न सुरू.

"सगळे कपडे काढाय लावतात?"

"वरचे."

"आत बाईच हाय ना?"

"पोरगी आहे."

"आग व्हते का?"

"दाबतात. आग नाही होत."

"आन् कातडीला जखमबिखम असली, तर?"

"कोणाला जखम आहे? माझ्या अंगावर कुठे जखम दिसली तुम्हाला?"

"नाय गो. आपलं सहज."

माझी तिथे साल निघाली आणि जाऊबाईंना सहज माहिती पाहिजे. गाडीत मी त्यांच्याशी बोलले नाही. त्या उजवा हात पोटाशी धरून खिडकीबाहेर बघत बसल्या.

९ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. सगळा इंग्रजीत. पूजाने वाचला, शेवटी 'बायरॅड्स चार' असं काहीतरी आहे म्हणाली. चार म्हणजे पास की नापास? तिला माहीत नाही. शाळेतल्या गुरुजींना दाखवावं, तर छातीचा रिपोर्ट गुरुजींपुढे कसा धरू?

शेवटी परत कल्याण. तिथले डॉक्टर म्हणाले, संशय आहे, खात्री नाही, सुईने तुकडा काढून तपासायचा. बायोप्सी. मी म्हटलं, तो दाबून काढलेला फोटो मग कशासाठी होता? ते हसले. मला हसू आलं नाही.

आज पहिल्यांदा मनात आलं की पूजाचं लग्न कोण बघेल. लगेच भांडी घासायला घेतली.

१६ फेब्रुवारी

घरात बिब्ब्याचा वास मारतोय. जाऊबाई रोज दिव्यावर सुईला बिब्बा टोचून तेल काढतात. टाचांच्या भेगांना लावते म्हणाल्या. भावजींनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, बायकोची काळजी म्हणून जंगलातून ओंजळभर बिब्बे आणून दिलेत आणि सगळ्यांना सांगत फिरतायत. आता बिब्बा उतला, तो कुठे? मानेखाली! लाल चट्टे, फोड. टाचेचा बिब्बा गळ्याशी कसा उतला विचारलं तर म्हणाल्या, "झोपंत हात लागला असंल." वयाने अक्कल येते म्हणतात, ते सगळ्यांना लागू नाही.

खोबरेल दिलं. लावून देते म्हटलं तर हातातून वाटी हिसकावून घेतली आणि मोरीत गेल्या. कडी लावली.

२३ फेब्रुवारी

बायोप्सी झाली. डॉक्टर म्हणाले, मुंगी चावल्यासारखं वाटेल. त्यांच्या घरी कसल्या मुंग्या आहेत, बघायला पाहिजेत. भुलीची सुई चावली ती चावलीच, पण पुढे ते यंत्र खट्ट करून वाजतं. प्रत्येक वेळी वाटतं, आता झालं. तर म्हणतात, अजून एक तुकडा. वरच्या पंख्याला जाळी लागलेली होती, तीच बघत पडले. इतक्या मोठ्या ठिकाणी पंखा पुसायला माणूस नाही.

जाऊबाई दाराशी उभ्या होत्या. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न काय, तर, "कापून नाय काढत? नुसती सुई?" जशी काही पैसे देऊन बघायला आल्या आणि खेळ लवकर संपला.

छाती काळीनिळी झाली आहे. ह्यांनी बघितली आणि स्वतः चहा केला. साखर विसरले.

५ मार्च

रिपोर्ट तयार नाही. सोमवारी या म्हणाले, सोमवारी गेले तर शुक्रवारी या. आज शुक्रवारी गेले तर ज्यांची सही लागते ते डॉक्टर रजेवर. माझं मरण त्यांच्या सहीवर अडलंय. खिडकीतल्या माणसाला मी म्हटलं, "तुमच्या बायकोचा असता तर?" तो म्हणाला, "ताई, नियम सगळ्यांना सारखा." त्याचंही खरं असेल. पण मी रात्री उठून घासलेली भांडी परत घासतेय, तिथे कुठे नियम आहे?

उद्या होळी. पुरणपोळ्या करायच्या. जाऊबाई हल्ली विहिरीवरून हंडा आणत नाहीत. डाव्या कमरेवर कळशी आणतात, तीही अर्धी. सुई माझ्या छातीत घुसली आणि हात यांचा गळाला. मोठीचा मान घ्यायला पुढे, पाण्याला मागे. तोंडावर बोलले तसं. त्यांनी तीच अर्धी कळशी रांजणात ओतली, त्याने तर जास्तच डोकं फिरलं.

१२ मार्च

साधी गाठ आहे. कॅन्सर नाही. काढायचीही गरज नाही, सहा महिन्यांनी दाखवा म्हणाले.

मी खुर्चीवरून उठलेच नाही. डॉक्टर म्हणाले, "ताई, चांगली बातमी आहे." मी म्हटलं, "मग हे दोन महिने मला कोण परत देणार?" आणि रडायला लागले. चांगल्या बातमीवर रडणारी बाई बघून पुढचा पेशंट घाबरला.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. "काय नसनार म्हणालो व्हतो ना" असं म्हणतील वाटलं होतं, मी भांडायच्या तयारीत होते. हे तर उठून गोठ्यामागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा नाक लाल. सर्दी झाली म्हणे. मार्चात सर्दी!

जाऊबाईंना सांगितलं. त्यांनी माझा हात धरला, इतका घट्ट की बांगडी रुतली. "म्हंजी समदं करून माणूस परत येतं," म्हणाल्या. मी म्हटलं, "मी काय स्वर्गात गेले होते?" त्या रडायला लागल्या. माझी बातमी, आणि रडतायत त्या. यातही पहिला मान त्यांचाच.

१४ मार्च

आज सकाळचं जसं घडलं तसंच लिहिते.

सकाळी राब भाजायचा होता, पालापाचोळा जाळून भाताच्या रोपांची जागा तयार करायची होती. सगळे शेतावर गेलेले. मी बादली आणायला मोरीचं दार ढकललं, ते उघडलं. कडी लावली नव्हती. आत जाऊबाई उभ्या होत्या. लुगडं कमरेपर्यंत.

मी "अगं बाई" म्हणून मागे फिरले. त्या म्हणाल्या, "जाऊ नको. बघ."

मी बघितलं. उजवी छाती वर ओढलेली, दगडासारखी. तिच्यावर बिब्ब्याचे डाग, नवे, जुने, एकावर एक, काही ओले.

"बाई, हे कधीपासून?"

"दसऱ्यापासनं लागतंय हाताला."

दसरा! शिबिराच्या आधीपासून! मी विचारलं, मग शिबिरात का नाही दाखवलंत? मला पुढे का केलंत?

त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तुला काय करतात ते बघाया. तू मेलीस तर मी कशाला जाऊ? आन् जगलीस तर सांगनार व्हते. कडी काढून ठेवली आज. तोंडानं बोलाया येत नव्हतं."

ओढ्याला पाणी आलं की खोली बघायला आधी बैल घालतात, तसं मला घातलं. लग्नापासून एकदाच या बाईने मला पुढे केलं, ते यासाठी.

मी खूप बोलले. बिब्बा, हंडा, तासभर आंघोळ, नवं लुगडं, सगळं काढलं. तुम्हाला अक्कल नाही, म्हणाले. मोठ्या जावेला असं बोलायचं नसतं. मग माझंच डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. रोज एका अंगणात वावरते, गावभर बायकांना गाठ तपासा म्हणून सांगत फिरते, आणि ही बाई माझ्याच मोरीत जळत होती. मला फक्त पूजाची एसटी दिसली.

त्यांच्या पाठीवर लुगड्याचा पदर मीच टाकला. त्या म्हणाल्या, "तुज्या दिराला सांगू नको." मी म्हटलं, "आत्ता सांगते." आणि शेतावर जाऊन सांगितलं. भावजी राबातली काठी टाकून खाली बसले. पहिलं काय बोलले, तर, "बिब्बे मीच आणले."

१९ मार्च

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात. डॉक्टर आधी जाऊबाईंवर ओरडले, मग माझ्यावर. "तुम्ही अंगणवाडीत काम करता ना?" रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दोन महिने तेच झालं. गाठ खरी यांची, आणि सुया खाल्ल्या मी. भाजलेली कातडी भरेपर्यंत सुई घालता येत नाही म्हणाले. मलम दिलं, परत बोलावलं. जी आग लवकर बरं व्हायला लावली तिनेच वेळ खाल्ला.

मशीनच्या खोलीच्या दारात जाऊबाई थांबल्या. मागे वळून म्हणाल्या, "तू पुढं हो गो."

मी म्हटलं, "माझं झालंय. आता तुमचं." पण आत गेले, आणि तिथल्या पोरीला सांगितलं की ओढायच्या आधी त्यांच्या तोंडाकडे बघ. तिने बघितलं.

२३ एप्रिल

जाऊबाईंचं ऑपरेशन झालं. उजवी बाजू पूर्ण काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. पुढे सलाईनची औषधं द्यायची आहेत. वाचतील का विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "लवकर आणलं असतं तर मी हो म्हटलं असतं. आता प्रयत्न करू म्हणतो."

शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "राब नीट भाजला का?" भावजी हो म्हणाले. खोटं बोलले. अर्धा तसाच राहिलाय. मीही वर मान हलवली.

६ जून

दुसरं सलाईन झालं. केस गेले. पूजाने स्वतःची ओढणी बांधून दिली तर, "मी काय कालिजात चाललेय?" म्हणून काढून फेकली. मग परत मागून घेतली. खात नाहीत, खाल्लेलं राहत नाही. मी केलेल्या आमटीला मीठ नाही म्हणतात, मीठ घातलं तर जास्त झालं म्हणतात. मी आज पळी आपटली. त्या म्हणाल्या, "आपट, चूल तुजीच हाय." चूल माझी! आता जेवतात आमच्याकडेच, आणि टोमणे स्वतःच्या घरचे आणतात.

रात्री त्यांना ओकारी झाली तेव्हा पाठ चोळत होते. पाठीची हाडं हाताला लागतात. मला फार भीती वाटते.

११ जुलै

आज आवणी सुरू झाली. राबातली रोपं उपटून मुठी बांधून ठेवल्या होत्या. अर्धा राब पातळच उगवलाय, कोणी त्याबद्दल बोलत नाही. जाऊबाईंना बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलेलं, डोक्याला पूजाची ओढणी. उजवा हात सुजून उशीएवढा. त्याला ओझं नको, ओरखडा नको, चिखल नको, डॉक्टरांनी बजावून सांगितलंय.

सगळे थांबले. पहिली मूठ कोणी लावायची? ह्यांनी भावजींकडे बघितलं, भावजींनी खाली. मग हे म्हणाले, "यमुने, औंदा तू लाव."

किती वर्षं वाट बघितली होती मी या वाक्याची. मूठ घेतली, शेतात उतरले, चिखल पोटरीपर्यंत आला. वाकणार तोच मागे बघितलं. जाऊबाई भलतीकडे, डोंगराकडे बघत बसल्या होत्या. पाहुण्या आल्यासारख्या. आणि माझं टाळकं सणकलं. जन्मभर कोणाला बोट लावू दिलं नाही आणि आता असा मान सोडतात? इतक्या स्वस्तात?

"बाई, उठा."

"डाक्टर काय बोलला?"

"उजवा हात बोलला. डावा नाय बोलला."

"तू लाव की गो. तुजी हौस व्हती ना?"

"माझी हौस गेली खड्ड्यात. उठा म्हणते ना. तुमी पुढं व्हा."

मी बांधावर जाऊन त्यांना धरून आणलं. वजन काही राहिलेलंच नाही. कमरेला मी धरलं, दुसऱ्या बाजूने पूजाने. उजवा हात त्यांनी छातीशी घेतला, जिथे आता काही नाही, आणि डाव्या हाताने रोपं चिखलात खोचली. दम लागला. रोपं आडवी पडली.

"वाकडी लागली गो."

"लागू द्या."

मग मी माझी लावली. त्या खुर्चीत परत बसायच्या आधीच म्हणाल्या, "उथळ लावलीस. वाहून जाईल." दुपारपर्यंत माझ्या प्रत्येक ओळीला नावं ठेवत होत्या. मी एकदा चिखलाचा गोळा उचलला होता, ह्यांनी माझा हात धरला म्हणून राहिलं.

अजून तीन सलाईन बाकी आहेत. पुढच्या आवणीचं आज कोणीच काढलं नाही.

संध्याकाळी निघताना बघितलं, सगळं शेत सरळ ओळीत, कोपऱ्यातली तेवढी रोपं आडवी. हे ती सरळ करायला वाकले. मी त्यांच्या हातावर फटका मारला.